यंत्रमानवांच्या स्पर्धा : जावे कोठे आणि पैसा मागावा कोणाकडे

मृग बरसून शाळा सुरू होतात, पहिल्या चाचणीची धांदल ओसरते, पोळ्याच्या झुली पेटीतून बाहेर निघतात, आणि त्याच सुमारास सेनगाव तालुक्यातील साखरा व आसपासच्या गावांतून शिक्षक आणि पालक यांचा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत कानी येऊ लागतो. शाळेतील दोन-चार मुलांनी जुन्या खेळण्यातील मोटारी आणि तारा जोडून आपोआप चालणारी गाडी केलेली असते. कोणा संस्थेचे गुळगुळीत कागदावरील पत्र येते, की आपल्या शाळेची ‘आंतरराष्ट्रीय’ रोबोटिक्स स्पर्धेसाठी निवड झाली असून दर विद्यार्थ्यामागे इतके हजार रुपये अमुक तारखेच्या आत भरावेत. मुलांचे डोळे लकाकतात, पालकांच्या कपाळावर आठ्या चढतात, आणि मुख्याध्यापक ते पत्र टेबलाच्या खणात सारून देतात. पत्र खरे की फसवे, जायचे तर कोठवर जायचे, आणि पैसा कोणाच्या थैलीतून काढायचा, या तीनच गोष्टींचा उलगडा येथे करावयाचा आहे. यंत्रमानव हा शब्द आम्हां जुन्या माणसांचा. मुले सरळ ‘रोबो’ म्हणतात, आणि पुढे दोन्ही शब्द चालतील.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, कारण बाकीचे सारे तिच्यावर उभे आहे. सरकारी असो, कंपनीची असो वा गावची असो, प्रत्येक थैलीला तिचा स्वतःचा नियम असतो, आणि त्या नियमात बसेल तेवढेच तिच्यातून निघते. आजवर मी पाहिलेल्या फेटाळलेल्या अर्जांपैकी बहुतेक अर्ज जेथे टेबल मागायचे तेथे तिकीट आणि जेथे तिकीट मागायचे तेथे टेबल मागितल्यामुळे फेटाळले गेलेले होते.

आधी स्पर्धा कोणती, हे ठरवा

शहरी शाळांचे पाहून आपण थेट दिल्ली-पुण्याच्या स्पर्धांकडे पाहू लागतो आणि दारची शिडी विसरतो. या शिडीच्या पायऱ्या अशा :

- तालुका विज्ञान प्रदर्शन. सेनगावला निवड झाली की हिंगोली, आणि तेथून राज्यस्तर. चालते उपकरण म्हणून रोबो येथे निःशंकपणे मांडता येतो. विषयांची यादी दरवर्षी बदलते. ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून मागून घ्यावी आणि रोबोला त्यातील एखाद्या विषयाशी, शेतीशी, पाण्याशी किंवा आरोग्याशी, खरोखर जोडावे.
- इन्स्पायर अवॉर्ड–मानक. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांची, सहावी ते दहावीच्या मुलांसाठी सुरू झालेली ही योजना. शाळेने कल्पना नोंदवायच्या. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात १०,००० रुपये जमा होतात आणि मग तो जिल्हा प्रदर्शनात उतरतो. नामांकनाची मुदत बहुधा पावसाळ्यातच संपते, आणि नेमक्या त्याच वेळी मुलाचे खाते उघडलेले नसते. हे खाते जूनमध्येच उघडून ठेवावे.
- राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. येथे यंत्रापेक्षा गावातील प्रश्नाच्या अभ्यासाला मान अधिक, म्हणून केवळ गाडी घेऊन जाऊ नये.
- अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या स्पर्धा. नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानातून २०१६ पासून शाळांना या प्रयोगशाळा मिळू लागल्या : उभारणीसाठी १० लाख आणि पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी १० लाखांपर्यंत, असे एकूण २० लाख. पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. आपल्या शाळेला ती नसेल, तर जवळच्या ज्या शाळेला असेल तिच्या मुख्याध्यापकांस लेखी विनंती करावी. शेजारच्या शाळांतील मुलांनाही लाभ द्यावा, अशी या योजनेची अपेक्षाच आहे.

ही शिडी चढून झाल्यावर, किंवा मुले खरोखर तयार असतील तर तिच्याबरोबरच, बाहेरच्या स्पर्धांचा विचार करावा. त्यांत दोन नावे भक्कम आहेत. ‘वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड’ ही २००४ साली सुरू झालेली स्पर्धा. संघ दोन किंवा तीन मुलांचा, सोबत एक मार्गदर्शक, आणि वयानुसार तीन गट. तिचा भारतातील कारभार इंडिया स्टेम फाउंडेशन पाहते आणि २०१६ ची आंतरराष्ट्रीय फेरी दिल्लीजवळच झाली होती. दुसरी ‘फर्स्ट लेगो लीग’, १९९८ पासूनची. तिच्यात अडीच मिनिटांच्या डावात यंत्राकडून टेबलावरची कामे करून घ्यायची असतात, पण परीक्षक मुलांनी एकत्र काम कसे केले हेही तितक्याच बारकाईने पाहतात.

महाविद्यालयीन मुलांची वाट निराळी. मुंबईच्या आयआयटीची ‘ई-यंत्र’ स्पर्धा आणि दूरदर्शनची ‘रोबोकॉन’ या अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणाऱ्या गावच्या मुलांनी त्यांची चौकशी तेथील प्राध्यापकांकडे करावी. रोबोकॉनची आशिया-प्रशांत अंतिम फेरी २००८ मध्ये पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली, तेव्हा खेळ ठेवला होता तो गोविंदाच्या दहीहंडीचा : देशोदेशीची यंत्रे उंचावरील हंड्यांकडे झेपावत होती. यंत्रशास्त्र परके वाटणाऱ्या पालकांना हा प्रसंग अवश्य सांगावा.

पत्र हाती आले, की काय पाहावे

‘आंतरराष्ट्रीय’, ‘ऑलिम्पियाड’ आणि ‘राष्ट्रीय’ हे शब्द कोणीही छापू शकतो. निवड झाली म्हणतात, ती कशावरून झाली? मुलांचे काम कोणी पाहिलेलेच नसेल, तर ती निवड नसून विक्री आहे, एवढे ओळखावे. त्यानंतर पुढील बाबी लेखी विचाराव्यात, आणि दूरध्वनीवर मिळालेले उत्तर उत्तर मानू नये :

- नियमपुस्तिका आणि गुणदानाची पद्धत पैसे भरण्याआधी मिळते काय?
- ठरावीक कंपनीचाच संच विकत घ्यावा लागतो काय? लागत असेल तर स्पर्धेचे शुल्क कमी दिसले तरी खरा खर्च त्या संचात आहे.
- पावती कोणाच्या नावे मिळेल : नोंदणीकृत संस्थेच्या, की एखाद्या व्यक्तीच्या?
- प्रादेशिक फेरी जिंकल्यास पुढील फेरीचा प्रवासखर्च कोणाचा? बहुतेक वेळा तो आपलाच असतो, आणि हे कळते ते जिंकल्यावर.
- संघ येऊ शकला नाही तर रक्कम परत मिळते काय?

या पाचांपैकी तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर पत्र खणात सारण्याचा मुख्याध्यापकांचा निर्णय योग्यच होता, असे समजावे.

अंतराचा हिशेब

बाहेरगावच्या स्पर्धेत प्रवेशशुल्काहून जास्त पैसा खातो तो प्रवास; म्हणून जवळ होणारी लहान स्पर्धा लांबच्या मोठ्या स्पर्धेहून पहिल्या दोन वर्षांत नेहमीच श्रेयस्कर. हिंगोली एका दिवसात होते. नांदेडही पहाटे निघाल्यास बहुधा होते. छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि मुंबई म्हणजे मुक्काम आलाच, आणि मुक्काम म्हणजे मुलींसाठी शिक्षिकेची सोबत, राहण्याची खात्रीची जागा, प्रत्येक पालकाची लेखी संमती आणि शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी.

सवलती मात्र आहेत, आणि त्या मागितल्याशिवाय कोणी देत नाही. एसटीच्या गाडीला शालेय सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सूट मिळते. शाळेचे पत्र हिंगोली आगाराच्या व्यवस्थापकांकडे आधी द्यावे लागते. संघ लहान असेल तर आख्खी गाडी परवडत नाही. पण मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना नेहमीच्या गाड्यांत अर्धे तिकीट लागते, त्यामुळे दोन मुली आणि एक शिक्षिका असा संघ नेणे हे स्वस्तातले धोरणही ठरते. ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या मुलांना वर्षातून एकदा अभ्याससहलीसाठी रेल्वेच्या द्वितीय वर्गात ७५ टक्के सवलतीची तरतूद आहे. विहित नमुन्यातील पत्र घेऊन स्टेशन मास्तरांकडे काही दिवस अगोदर जावे. मुंबईस जायचे झाल्यास जनशताब्दी आता हिंगोलीहूनच सुटते, पण ती बसण्याच्या डब्यांची गाडी असल्याने लहान मुलांच्या खाण्यापिण्याची शिदोरी सोबत हवी.

स्पर्धा आपल्याच परिसरात भरवायची असेल तर

दहा शाळांनी पुण्यास जाण्यापेक्षा दहा शाळांनी एका ठिकाणी जमणे शतपटींनी स्वस्त पडते, आणि माझ्या मते साखऱ्यासारख्या गावाने याच वाटेने जावे. तालुक्यातील पाच-सहा शाळा तयार असतील, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या संमतीने एक दिवसाची स्पर्धा भरवणे अवघड नाही. प्रश्न ठिकाणाचा येतो, आणि तेथे लोक मान-मरातबाचा विचार आधी आणि फरशीचा विचार शेवटी करतात.

एक प्रसंग सांगतो. एका माध्यमिक शाळेच्या अंगणात मंडप घालून अशीच स्पर्धा झाली होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावले होते. काळ्या पट्टीवरून चालणारे यंत्र खाली बसवलेल्या अवरक्त किरणांच्या डोळ्यांनी पट्टी ओळखते. सकाळच्या सरावात एका मुलीचे यंत्र नाकासमोर चालले होते. दुपारी बाराला मंडपाच्या विरलेल्या कापडातून उन्हाचा एक कवडसा नेमका मार्गावर पडला, यंत्र तेथे पोहोचताच गोंधळले, दोनदा गिरकी घेऊन पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली शिरले. मुलगी रडली नाही, एवढेच म्हणाली, “सर, सकाळी तर नीट चाललं होतं हो.” आयोजकांना उन्हातही अवरक्त किरणे असतात हे ठाऊक नव्हते, आणि मलाही ते मंडपात शिरतानाच सुचायला हवे होते. आम्ही तिला पुन्हा एक फेरी दिली, पण तेव्हा तिची बॅटरी उतरलेली होती.

म्हणून जागा निवडताना :

- खिडक्यांना पडदे घालता येतील अशी बंद खोली किंवा सभागृह घ्यावे. मंडप शोभेसाठी बाहेर असू द्यावा.
- शहाबादी फरशी करडी असते आणि तिच्या सांध्यांत लहान चाके अडकतात. मार्ग फरशीवर न आखता लाकडी टेबलावर किंवा जाड पांढऱ्या कापडी छपाईवर आखावा. फलक छापणारा चकचकीत छपाई देऊ करील. ती नाकारून बिनचकाकीची मागावी.
- ‘वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड’ आणि ‘फर्स्ट लेगो लीग’ या दोन्ही स्पर्धांची चटई २३६२ मिलिमीटर लांब आणि ११४३ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे बाजारात मिळणारे ८ बाय ४ फुटांचे एक प्लायवुड तिला पुरते, आणि कडेच्या पट्ट्या ठोकायला गावचा सुतार समर्थ आहे. या टेबलासाठी हजारो रुपयांचे दरपत्रक कोणी पाठवले, तर ते हसून परत करावे.
- वीज जाईल, हे धरूनच चालावे. बॅटऱ्या आदल्या रात्री भरून ठेवाव्यात आणि संगणकाला जोड म्हणून एक इन्व्हर्टर ठेवावा.
- तारीख ठरवताना पंचांगाआधी शेत पाहावे. सोयाबीनच्या काढणीत आणि हळदीच्या हंगामात मोठी मुले घरी लागतात, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुले दिवाळीनंतर गावात नसतात. ऑगस्टचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात बरा.

परीक्षक म्हणून तंत्रनिकेतनातील किंवा आयटीआयमधील निदेशक बोलवावेत. पाहुण्यांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक. पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि २००२ मध्ये तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. खेड्यातील मुलांच्या हाताने यंत्रे करून घेण्याचा इतका दीर्घ अनुभव महाराष्ट्रात क्वचितच कोणाकडे असेल. त्यांचे शिक्षणक्रम शिक्षकाने एकदा जाऊन पाहण्यासारखे आहेत.

खर्चाचे तीन ढीग करा

अर्ज लिहिण्यापूर्वी एका कागदावर सर्व खर्च मांडावा आणि त्याचे तीन ढीग करावेत. पहिला, टिकाऊ वस्तूंचा : संगणक, टेबल, अवजारे, पुन्हा पुन्हा वापरता येणारे संच. दुसरा, सादिलवार आणि खपणाऱ्या वस्तूंचा : तारा, बॅटऱ्या, चिकटपट्टी, छपाई, मोडलेली चाके. तिसरा, माणसांचा : प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम, जेवण. आर्डुइनो पद्धतीची नियंत्रक पट्टी, दोन मोटारी, चाके, संवेदक आणि बॅटरी मिळून एक साधे यंत्र सुमारे दोन हजार रुपयांत उभे राहते, म्हणून पहिला ढीग वाटतो तितका उंच नसतो; उंच असतो तो तिसरा. आता कोणती थैली कोणत्या ढिगासाठी, ते पाहू.

*शाळेचे संयुक्त अनुदान.* समग्र शिक्षा अभियानातून हे पटसंख्येनुसार मिळते : ३० पर्यंत पट असल्यास १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख रुपये, असा त्याचा दर ठरला. वीजबिल, डागडुजी आणि स्वच्छता यांतच ते आटते, हे खरे. तरी दुसऱ्या ढिगातील काही बाबी त्यात बसतात, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव असेल तर लेखापरीक्षकाचा आक्षेप येत नाही. याच अभियानातील राष्ट्रीय आविष्कार अभियान हे २०१५ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झाले; विज्ञानाच्या भेटी आणि स्पर्धा हाच त्याचा विषय, तेव्हा त्या वर्षी जिल्ह्याला काय तरतूद आली, हे शिक्षण विभागात विचारावे.

*ग्रामपंचायत.* पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित, अशी विभागणी राहिली. शाळेचे साहित्य अबंधित भागातून किंवा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून घेता येते, पण ते काम गावच्या विकास आराखड्यात आधी लिहिलेले असले पाहिजे. आराखड्यात नाही, तर मंजुरी नाही. मग सरपंच आपला सख्खा मामा का असेना.

*जिल्हा नियोजन समिती.* जिल्हा वार्षिक योजनेत ‘नावीन्यपूर्ण योजना’ असे एक शीर्ष असते. एका शाळेसाठी मागणी केल्यास ती वाहून जाते. तालुक्यातील दहा शाळांसाठी फिरते संच आणि एक वार्षिक स्पर्धा असा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत गेल्यास त्याला वजन येते. येथे एक वाक्य अवश्य घालावे : याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची लायगो वेधशाळा उभी राहत असून, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांस मान्यता दिली आहे. त्या वेधशाळेत उद्या जे तंत्रज्ञ लागतील त्यांत हिंगोलीची मुले असावीत, ही मागणी कोणत्याही अधिकाऱ्यास अवाजवी म्हणता येणार नाही. पण एकच वाक्य घालावे. दोन पाने घातली की अर्ज भाषण होतो.

*खासदार आणि आमदार यांचा निधी.* खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, परंतु ती टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेची असावी लागतात. खोली, संगणक, उपकरणे मागावीत. प्रवासखर्च मागितल्यास नकारच येईल, आणि तो नियमानेच येईल.

कंपन्यांचा निधी : सर्वांत मोठा गैरसमज

या विषयावर थोडे थांबले पाहिजे, कारण ‘सीएसआर’ हा शब्द हल्ली गावोगावी पोहोचला आहे आणि त्याचा अर्थ मात्र वाटेत सांडला आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करावयाची असते. शिक्षण हा त्यातील मान्य विषय आहे. हे कलम कंपन्यांना लागू आहे, सहकारी संस्थांना नाही. म्हणून वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थेकडे कलम १३५ चा हवाला देऊन अर्ज करणे निरर्थक. तेथे सभासदांची मुले म्हणून, आपुलकीच्या नात्याने विनंती करावी.

आता गैरसमज असा. आपण कंपनीला लिहितो, “आमच्या स्पर्धेचे प्रायोजकत्व स्वीकारावे.” केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते, की शर्यती, पुरस्कार, जाहिराती, प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम या निधीच्या हिशेबात धरता येणार नाहीत. म्हणजे आपण ज्या शब्दांत मागतो, त्याच शब्दांमुळे कंपनीचे हात बांधले जातात. तेच काम असे मांडावे : सेनगाव तालुक्यातील अमुक शाळांतील सहावी ते नववीच्या मुलांसाठी वर्षभराचे यंत्रशिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण, साहित्याचे संच आणि वर्षअखेर मुलांच्या कामाची पारख. ही अखेरची पारख म्हणजेच आपली स्पर्धा. यात लबाडी काही नाही. वर्षभर न शिकवता एका दिवसाचा तमाशा करणे, ही खरी लबाडी.

दुसरी अडचण पैसे घेण्याची. एखाद्या संस्थेमार्फत काम करायचे झाल्यास ती नोंदणीकृत असावी, तिच्यापाशी आयकराची १२-अ आणि ८०-जी मान्यता असावी, तीन वर्षांचा अनुभव असावा आणि १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक ठरलेली सीएसआर-१ नोंदणी असावी. गावच्या नव्या मंडळाजवळ यांतील काहीच नसते. अशा वेळी कंपनीनेच साहित्य खरेदी करून शाळेला द्यावे, असे सुचवावे. ते साहित्य शाळेने जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवून पोच द्यावी. पुण्याची कंपनी म्हणेल, आम्ही स्थानिक भागालाच देतो. कायद्यात स्थानिक भागास प्राधान्य आहे, सक्ती नाही, असे नम्रपणे लिहावे आणि पुढील कंपनीचा पत्ता शोधावा.

गावची वर्गणी

हरिनाम सप्ताहासाठी चार दिवसांत वर्गणी उभी करणारे गाव मुलांच्या प्रवासाला पैसे देत नाही, हे मला पटत नाही. विचारले जात नाही, एवढेच खरे. तिसऱ्या ढिगासाठी, म्हणजे तिकीट, शुल्क आणि जेवण यांसाठी, हीच थैली सर्वांत मोकळी आहे. परंतु नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करावयाची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कचेरीची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. त्यापेक्षा पावती शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे, रक्कम बँकेत आणि जमाखर्च शाळेच्या फळ्यावर, हा मार्ग सुटसुटीत. देणगीदारास आयकरात सूट मिळेल, असे परस्पर आश्वासन कोणी देऊ नये : ८०-जी मान्यता असलेल्या संस्थेलाच ती लागू, रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असल्यास ती मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ती नाहीच.

अर्जासोबत काय जोडावे

शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची नक्कल, तीन ढिगांप्रमाणे अंदाजपत्रक, निदान तीन दरपत्रके, स्पर्धेची नियमपुस्तिका, मुलांची इयत्तावार संख्या, त्यांत मुली किती हे वेगळे लिहून, आणि मुलांनी केलेल्या यंत्राचे एक छायाचित्र, ज्यात पाहुण्यांऐवजी यंत्र दिसेल. तसलमात घेतली असेल तर काम संपताच हिशेब आणि विनियोग दाखला रुजू करावा, कारण मागील दाखला थकलेल्या शाळेचा पुढील अर्ज कोणी वाचतही नाही. प्रत्येक कचेरीत दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी होकार हा होकार नव्हे.

आपले हक्क

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे रोबोटिक्सचा एक परिच्छेद त्यात घालणे पालकांच्याच हाती आहे. खाजगी स्पर्धेचे शुल्क भरण्याची सक्ती कोणत्याही शाळेने करू नये. शुल्क न भरलेल्या मुलास वर्गातील प्रयोगापासून दूर ठेवले जात असेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. इन्स्पायरची रक्कम विद्यार्थ्याची आहे. ती शाळेने ‘सर्वांसाठी’ म्हणून मागून घेऊ नये.

अनुदान आले आणि कोठे गेले हे कळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. महाराष्ट्रात त्यास १० रुपयांचे शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही; अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, आणि उत्तर ३० दिवसांत मिळावे. पण शाळेशी बोलून पाहण्याआधी हे शस्त्र उपसू नये. बहुतेक मुख्याध्यापक चोर नसतात, थकलेले असतात.

पुढील वर्षाच्या गाव विकास आराखड्याचे काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. शाळेच्या यंत्रसाहित्याची मागणी त्यात यावी असे वाटत असेल, तर समितीच्या ठरावासह अर्ज त्याआधी निदान आठ दिवस ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवकच म्हणतो, त्यांच्याकडे द्यावा, आणि सभेला येताना मुलांना त्यांची चालती गाडी सोबत आणू द्यावी.